काकूंचा फोटो

"अर्जाला नुसत्या पिकाचा फोटो लागतो, काका. माणूस दिसला की अर्ज बाद होतो," सेवा केंद्रातल्या वर्षाने सोपानकाकांचा मोबाइल हातात घेत सांगितलं. फोटोत, पावसाने लोळवलेल्या ज्वारीत, काकू पदर सावरून उभ्या होत्या.

पुढचा फोटो त्याच जागेचा, पण नुसत्या ज्वारीचा होता. वर्षाने तो भरपाईच्या अर्जाला जोडला आणि पुन्हा घोळ नको म्हणून काकूंचा फोटो कायमचा पुसून टाकला.

"पुढच्या वेळी काकूंना बांधावरच थांबवा," ती हसत म्हणाली.

"मागल्या पंधरवड्यात गेली ती. तेवढाच फोटू हुता तिचा. मोठा करून भितीला लावणार हुतो."

काकांनी मोबाइल परत घेतला आणि ज्वारीच्या मधोमध अलगद बोट टेकवलं.

"हितं उभी हुती."