अंगाईची भाषा

"अजून एकदा म्हणा, अपा. या खेपेला सावकाश," साउले म्हणाली आणि तिने फोन सासूच्या ओठांजवळ धरला.

झोया अपाने डोळे मिटले. अंगाईचे शब्द तोंडपाठ होते, अर्थ एकाचाही ठाऊक नव्हता. ते ओठांवर आले की डोळ्यांपुढे अंधार दाटायचा, एक खरखरीत तळवा कपाळावरून फिरायचा. चेहरा मात्र कधीच दिसायचा नाही.

कझाकस्तानातल्या शिमकेंतच्या त्या अंगणात पॉपलरच्या झाडांचा कापूस तरंगत होता. दुपार पेंगुळली होती.

साउलेने शब्द फोनवरच्या भाषांतर-यंत्रात रशियन लिपीत लिहून शोधले, मग लॅटिन लिपीत. यंत्र कधी रुमानियन म्हणे, कधी जॉर्जियन. एकदा तर त्याने भोपळ्याच्या लोणच्याची तुर्की कृतीच समोर ठेवली.

"तुमच्या आईने लोणचं घालायला सांगितलं असेल!"

"हस, हस मेले," अपा म्हणाली. पण तिलाही हसू आलं.

झोया लहानपणी अरीस स्टेशनवर सापडली, असं पाशा मावशी सांगायची. अविवाहित, अबोल बाई. कापसाच्या गिरणीत राबून तिने परक्या पोरीला वाढवलं. झोया अंगाई गुणगुणू लागली की मात्र ती दचकायची. "गप्प! लोक ऐकतील." झोयाला वाटायचं, हिला माझ्या आईचा मत्सर वाटतो.

शेवटच्या दुखण्यात मावशीने एकदाच विचारलं होतं, "मला आई म्हणशील का गं?"

"माझी आई वेगळी आहे, मावशी," झोया म्हणाली होती.

मावशीने मान वळवली. पुन्हा काही मागितलं नाही.

साउलेने शेवटी फोनमध्ये टिपलेला तो आवाजच इंटरनेटवर जगभरच्या लोकांसमोर टाकला. कुणी कुर्दी म्हणालं, कुणी आर्मेनियन. अपा रोज चहा घेताना विचारायची, "आज मी कुठली?" त्या त्या देशाची स्वप्नं तिला दुपारच्या झोपेत पडायची, प्रत्येक स्वप्नात एक बाई पाठमोरी उभी असायची.

मग ग्रीसमधल्या लाझारोस नावाच्या म्हाताऱ्याचा निरोप आला. ही काळ्या समुद्राकाठच्या ग्रीकांची जुनी बोली, त्याच्या आजीची. त्या लोकांना सोव्हिएत सरकारने गाडीत कोंबून कझाकस्तानात हद्दपार केलं होतं; नेमून दिलेली वस्ती सोडून कुणी पळालं, तर सक्तमजुरी. तोही इथेच जन्मलेला, रशियन उत्तम बोलणारा.

फोनच्या पडद्यावर त्याचा सुरकुतलेला चेहरा उमटला. त्याने अंगाई पुन्हा म्हणायला लावली आणि चष्मा काढून ठेवला.

"ही आमच्याकडची ठरलेली अंगाई नाही, बाई. कुणीतरी स्वतः रचली आहे. एका लेकरासाठीच."

"माझ्या आईने," अपा पुटपुटली. तिने साउलेचा हात घट्ट धरला. "तिचं नाव आहे का त्यात?"

"नाव नाही." तो घुटमळला. "सांगू?"

"सगळा जन्म थांबले आहे मी. सांगा."

लाझारोस एकेक शब्द रशियनमध्ये उतरवत गेला.

"झोप, माझ्या पोटच्या पोरी. मी आता एका मेलेल्या बाईच्या कागदपत्रांवर जगते, आणि तिला मूल नव्हतं. आपल्याला कुणी पकडू नये म्हणून उजेडात मला मावशी म्हण."