कशावरून मॅडम

रिपोर्टच्या खिडकीसमोरच्या बाकावर आई पर्स पोटाशी धरून बसली होती. शेजारी लेक क्लासचे पेपर तपासत होती. तपासते कसली, अर्ध्या तासात लाल पेन पहिल्या पानावरून हललं नव्हतं.

प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या पोरांना ती युक्तिवादातल्या चुका शोधायला शिकवायची. चार ओळींचं म्हणणं, खाली चार पर्याय, ओळखा यात गोम कुठे आहे. पोरं पाठीमागे तिला ‘कशावरून मॅडम’ म्हणत. आणि घरी तरी काय वेगळं? शेजारीण बोलली नाही म्हणजे रागावलीय, एवढं आईने म्हणायचा अवकाश, ही कीस काढायला बसलीच. आईचं एक वाक्य तिने कधी धड जाऊ दिलं असेल तर शपथ.

सकाळी भर क्लासमध्ये तिचा फोन वाजला होता. हॉस्पिटलच्या फॉर्मवर नंबर तिचाच होता. आईच्या गाठीचा रिपोर्ट आलाय, आजच या, पेशंटला एकटं पाठवू नका, एवढंच नर्स म्हणाली. यावरून काहीच सिद्ध होत नाही, हा तर तिचा पहिल्याच दिवसाचा धडा. तरी तिने क्लास अर्ध्यावरच सोडला. आईला तिने थाप मारली, की क्लास लवकर सुटलाय, चल, रिपोर्ट घेऊन येऊ.

आई मघापासून मनाशी काहीतरी जुळवत होती. शेवटी म्हणाली, “मी काय म्हणते, गाठ वाईट असती तर त्यांनी फोन केला असता. फोन काही आला नाही. म्हणजे साधीच असणार. हो ना?”

फोन न येण्याची दहा कारणं लेकीला तोंडपाठ होती. तिने पेपरांचा गठ्ठा उगाच सारखा केला.

“हो आई,” ती म्हणाली. “अगदी बरोबर आहे तुझं.”

खिडकीतून कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. त्यांचं नव्हतं. आई लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने लेकीच्या हातातलं पेन हळूच काढून घेतलं, टोपण लावलं आणि तिचा हात आपल्या हातात घेतला.

“एवढं वाईट आहे का गं?”