जोडसाहेबांपुढचं हळकुंड

"काका, हे दोघे साहेब नवरा-बायकोसारखे राहायचे का रे?"

सुचित्राने एका दमात विचारून टाकलं आणि कुंपणाच्या भिंतीकडे पाहिलं. पलीकडून तिच्या वर्गातल्या अंबिकाचं डोकं वर आलं, फिस्सकन हसलं आणि खाली गेलं. पैज अंबिकाचीच होती. विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर मी वाहीन म्हणाली होती.

"कार्टे! देवाच्या ठिकाणी काय बोलतेस?" आई दचकली.

"देव कुठला, आई? सोजीर आहेत."

भिंगारच्या गोऱ्यांच्या दफनभूमीत ते चौघे उभे होते. सुचित्रा, तिचे आई-बाबा आणि बाबांचा धाकटा भाऊ, नृसिंहकाका. आज कोपरगावला काकासाठी मुलगी बघायला जायचं होतं. कबर एक आणि दगडावर नावं दोन, दोघेही कंपनी सरकारच्या पलटणीतले. सगळी पेठ त्यांना जोडसाहेब म्हणायची. मुलगी बघायला निघण्याआधी मुलाने इथे दोन हळकुंडं शेजारी-शेजारी ठेवायची, म्हणजे होणारा जोडा टिकतो. पहिलं त्याने आपलं आपण ठेवायचं. दुसरं करवलीने हातात द्यायचं. घरात बिनलग्नाची मुलगी एकच, म्हणून ते दुसरं हळकुंड सकाळपासून सुचित्राच्या मुठीत होतं.

"कॉलऱ्यात गेले," बाबा घड्याळ बघत म्हणाले. "माणसं पटापट मरत होती, एका खड्ड्यात दोघांना घातलं. चला, आटपा. कोपरगावची गाडी चुकेल."

"कॉलऱ्यात दगड कोरत कोण बसतं, दादा?"

काका हायस्कुलात इतिहास शिकवायचा. आवाज वर्गातलाच होता, पण बोटं सारखी शर्टाचं बटण पिळत होती.

पैज जिंकून झाली होती. गप्प बसायला हरकत नव्हती. पण सुचित्राला बसवेना.

"मग कोण होते ते?"

"या दोघांचं नक्की कुणालाच माहीत नाही. पण पलटणीत तशी माणसं होती. सापडली, तर सगळ्यांसमोर बांधून फटके. कधी फाशीसुद्धा."

"आणि नाही सापडली तर?"

"तर सांभाळून राहायची. सोबतचे शिपाई भले असले, तर शेवटी असं एका जागी ठेवायचे."

भिंतीपलीकडे अंबिका आता हसत नव्हती.

"आमच्या सासूबाईंनी नाही बाई कधी असलं काही विचारलं," आई म्हणाली. "दोघं शेजारी निजलेत, जोडा आहे, झालं. हळकुंडं ठेवायची, हात जोडायचे. बरं भावजी, राधाकृष्णांनी खोली सोडली ना? मुलीकडचे पहिलं तेच विचारतील."

"उद्या सोडतोय."

सावेडीतल्या त्या खोलीत काका आणि राधाकृष्णकाका कितीतरी वर्षं एकत्र राहत होते. सुचित्रा सायकल तिथल्याच अंगणात शिकली. एकाने सीट धरायची, दुसऱ्याने पुढे पळत "ब्रेक! ब्रेक!" ओरडायचं.

"तो कुठे जाणार?" तिने विचारलं.

"जाईल कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे?"

"सुचे, पुरे!" बाबा म्हणाले.

काकाने वाकून पहिलं हळकुंड दगडावर ठेवलं. तेवढ्यात रस्त्यावरून बांगलादेशच्या लढाईतून परतलेल्या पलटणीचा रणगाडा गेला. जमीन थरथरली आणि हळकुंड घरंगळून गवतात पडलं. काकाने ते उचलून परत ठेवलं. या वेळी त्याने त्यावर बोट दाबून धरलं. रणगाडा लांब गेला, आवाज विरला, तरी बोट काढलं नाही.

"सुचे, दुसरं दे," आई म्हणाली.

काकाने मोकळा हात पुढे केला. तळवा घामाने चकाकत होता. सुचित्राने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. छडी न घेता अख्खा वर्ग गप्प करणारा काका तिच्याकडे असा बघत होता, जसं काही त्याला चव्हाट्यावर बांधलंय आणि फटका मारायची पाळी तिची आहे.

ती एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली. मूठ आणखी घट्ट मिटली.

"अगं, दे ना! गाडी थांबणार आहे का आपल्यासाठी?" बाबा खेकसले.

"नाही देणार."

"काय?"

"बाबा, आई, दोघंही ऐका." तिचा आवाज तिलाच केवढातरी मोठा वाटला, पण आता तो लहान करायची तिची तयारी नव्हती. "काका स्वतःच्या तोंडाने 'दे' म्हणाला, तरच मी देईन. नाहीतर करवली मी व्हायची नाही. कोपरगावला नाही, कुठेच नाही."

वाऱ्याने सुकं गवत सळसळलं. बाबा घड्याळ बघायचं विसरले.

"म्हणा ना, भावजी," आई म्हणाली. "एक शब्द तर आहे."

काकाने पुढे केलेला हात मागे घेतला.