चौदा रकान्यांचा कागद

पत्र वाचून झालं तरी सूर्यभाननं ते खाली ठेवलं नाही. समोर त्याची बायको, रंगुबाई, सुपातल्या बाजरीवर हात ठेवून तशीच बसून राहिली. त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, चांगुणाला, तिकडं जपानात सातव्या महिन्यातच मुलगा झाला होता. दीड तास जगला आणि गेला. दिवस गेल्याचंही पोरीनं कळवलं नव्हतं. पाचवा सरू दे मग लिहू, सातवा सरू दे मग लिहू, असं करत राहिली आणि लिहायला मिळालं ते हे.

रंगुबाईला रडू यायला हवं होतं, ते काही केल्या येईना. अंग नुसतं बधिर पडलं होतं. सुपातले खडे तेवढे दिसत होते, पण तेही वेचावेसे वाटेनात.

पत्राच्या शेवटी चांगुणानं लिहिलं होतं, "आबा, तुम्ही ठरल्याप्रमाणे या. शर्यतीची सगळी चौकशी ह्यांनी करून ठेवली आहे. मी मुक्कामाचा आग्रह करत नाही. तुमचा नेम मोडायला नको."

हा नेम अख्ख्या श्रीगोंद्याला ठाऊक. लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, अशी जुनी रीत. आता कोण पाळतंय म्हणा! पण सूर्यभान पाळायचा, आणि असातसा नाही. लग्नानंतर चांगुणा दोन वर्षं पुण्यात होती. हा बाबा राजदूत मोटारसायकलवरून थेट पुण्याला जायचा, दारातच उभा राहून लेकीचं तोंड बघायचा, गाडीला अडकवलेल्या चरवीतलं पाणी प्यायचा आणि माघारी फिरायचा. लेक उंबऱ्यात उभी राहून बघत राहायची. जपानचं तिकीटसुद्धा त्यानं जावयाचं घेतलं नाही, आपल्या उसाच्या पैशावर काढलं. त्यात एकच तिकीट बसलं, म्हणून रंगुबाई घरीच राहणार होती.

जावई राधाकृष्ण तिकडं मोटारसायकलच्या कारखान्यात कामाला. सुझुका नावाच्या गावी मोटारसायकलींच्या शर्यती होतात, त्यासाठी वेगळा रस्ताच बांधलाय, असं त्यानं कळवलं होतं. झालं! सूर्यभानला गाड्यांचं आधीच वेड, त्यात हे निमित्त आयतंच सापडलं. वहीचा कागद फाडून त्यानं चौदा दिवसांचे चौदा रकाने आखले. सराव बघायचे दिवस, शर्यतीचे दिवस, कारखाना बघायचे दिवस. रात्रीचा मुक्काम लॉजवर. लेकीकडं फक्त चार दुपारी, त्याही जेवून गेल्यावर. पाण्याची चरवी बरोबर न्यायची, हेही एका कोपऱ्यात लिहिलेलं होतं.

आता तो उठला. देवळीतून तोच कागद काढला, जमिनीवर पसरला आणि कानामागची पेन्सिल हातात घेतली.

इतका वेळ दगडासारखी बसलेली रंगुबाई भडकली. "आवं, तिकडं लेकरू गेलंय! अन् तुमी शर्यतीचा कागद काय घेऊन बसलाय? पोरीपरास गाड्याच लई झाल्या व्हय तुमाला?"

सूर्यभाननं शर्यतीचे रकाने खोडले. मग सरावाचे. मग कारखान्याचे. लॉज खोडला. सगळ्यात शेवटी कोपऱ्यातली चरवी खोडली आणि पहिल्या रकान्यापासून चौदाव्यापर्यंत एकच नाव लिहीत गेला. रंगुबाईला वाचता येत नव्हतं, पण लेकीचं नाव तेवढं ओळखू यायचं.

"सगळे दिस तिच्याकडंच?" तिचा आवाज खाली आला. "अन् खानार काय तिथं? तुमचा नेम हाय न्हवं? पोरीच्या मांडीवर लेकरू न्हाई अजून."

सूर्यभाननं पत्राची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"अजून न्हाई कसं म्हंतीस?" तो म्हणाला. "दीड तास का हुईना, मी आजा झालोय. तिला लिवतो आजच, आबाचं ताट वाढून ठेव म्हनावं."