माळढोकासाठी मुकी वरात

कुंदाच्या वरातीसाठी बॅंडवाले सरसावले, तेवढ्यात तिच्या आईचा, गोदाक्काचा फोन वाजला. माळावरून वनरक्षक कांबळे बोलत होते.

“अक्का, आपल्या शेवटच्या माळढोक मादीच्या अंगातली चिप सांगतेय, अंडाशयातल्या पेशींनी नऊ वर्षांनी संप्रेरकाला दाद दिली. तुमची वरात इथूनच जाणार; आवाजाने ती बिथरली, तर पेशी पुन्हा गप्प होतील.”

नवरदेवाचे वडील मानपानाला फार जपणारे. गोदाक्काने त्यांना फोनवरचं सांगून भीतभीतच विचारलं, “बॅंड नको म्हटलं तर चालेल?”

“विहीणबाई, माळावर बाळंतपण जवळ आलंय आणि आपण ढोल बडवायचे?” असं म्हणत त्यांनी चपला हातात घेतल्या. सगळी वरात हलक्या पावलांनी गेली.

तिसऱ्या दिवशी कांबळ्यांनी गवतातल्या ठिपकेदार अंड्याचा फोटो पाठवला. गोदाक्काने तो आधी लेकीच्या सासरी धाडला.