एका फांदीला एकच कळी

प्रदर्शनात मांडायचं फूल तळहाताएवढं हवं, तर एका फांदीला एकच टपोरी कळी ठेवायची आणि बाकीच्या खुडून टाकायच्या, असा बाबांचा शिरस्ता. काचघरातल्या कॅमेलियाच्या कळ्या खुडायचं काम थोरलीकडे होतं. भावाला परदेशी शिकवायचं म्हणून तिची आणि धाकटीची शाळा बंद केली, तेव्हापासूनच.

त्या सकाळी भावाचा फोन आला. बाबांच्या ऑपरेशनला यायला त्याला काही जमत नव्हतं. बाबा काठी टेकत काचघरात गेले. फांदीवर ठेवलेली एकुलती कळीसुद्धा थंडीनं गळून फरशीवर पडली होती.

"जिवापाड जपली, आणि ऐन वेळी दगा दिला!" बाबांचा आवाज चिरकला. मग ते पानं बाजूला सारत म्हणाले, "बघ गं, पानांआड एखादी चुकून राहिली असेल."

"कशी राहील, बाबा? तुम्ही सांगितलंत तशा सगळ्या खुडल्या," थोरली म्हणाली, आणि त्यांची दवाखान्याची बॅग भरायला आत गेली.