सव्वीस पांढऱ्या, एक काळी

पेटी हातोहात फिरत लेलँडच्या मांडीवर आली.

साधी लाकडी पेटी, तोंडावर जाड फडकं. आत डावीकडे पांढऱ्या गोट्या, उजवीकडे काळ्या. फडक्याखाली हात घालायचा, एक गोटी उचलायची आणि मधल्या भोकातून खालच्या खणात सोडायची. कोणी कोणती सोडली ते देवालाच ठाऊक. सव्वीस पांढऱ्या पडल्या आणि एकच काळी, तरी मंडळात येऊ पाहणारा पोरगा बाद. कारण विचारायचं नाही, हा विद्यार्थ्यांच्या या मंडळाचा जुना नियम. आणि या कॉलेजात ज्याला कुठल्याच मंडळाच्या घरात जागा मिळाली नाही, त्याला चार वर्षं कुत्रं विचारत नसे. ना नाचाचं आमंत्रण, ना जेवायला धड सोबत.

आज नाव निघालं होतं ऑरिन टटलचं. लेलँडच्याच गावचा, न्हाव्याचा मुलगा. गावचा म्हणून भीड पडली आणि लेलँडनंच त्याला मंडळाच्या घरी आणून त्याचं नाव सुचवलं. ऑरिन सगळ्यांना आवडलाही. हसरा, कामसू, पियानो बरा वाजवायचा. नाव ठेवायला जागा नव्हती.

एवढंच, की त्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं. आणि लेलँडनं इथं वर्षभर भलतंच सांगून ठेवलं होतं. वडील लाकडाचे बडे व्यापारी, ते वारले, आई हवापालटासाठी फ्लोरिडात असते. वडील वारले एवढंच खरं; आई मात्र इंडियानातल्या त्या एवढ्याशा गावात, मागच्या अंगणात, हॉटेलच्या चादरी धूत होती. काल जेवताना सगळ्यांदेखत ऑरिन म्हणाला, "अरे, तुझ्या आईनं..." लेलँडनं घाईघाईनं पाण्याचा पेला सांडला आणि वेळ मारून नेली. पण रोज रोज पेला कसा सांडणार? एकदा का हे बाहेर फुटलं, की या घरात मान वर करून चालायची सोय उरणार नव्हती.

"आटप की लेका," शेजारचा म्हणाला. "गोटी टाकायचीय, अंडं नाही घालायचं."

सगळे हसले. लेलँडही हसला. त्याचा हात उजवीकडे गेला.

हॅडलीनं पेटीचा खण टेबलावर पालथा केला. तो मंडळाचा प्रमुख, शेवटच्या वर्षाला होता. पांढऱ्या गोट्या घरंगळल्या आणि त्यांच्यात ती एक काळी. "बाद," हॅडली म्हणाला. मग त्यानं लेलँडकडे पाहिलं. ज्यानं पोराला आणलं, त्यानंच जाऊन निकाल सांगायचा, हीही इथली रीतच होती.

ऑरिन बाहेर पायरीवर बसला होता. ऑक्टोबरचं दुपारचं ऊन, टोपी गुडघ्यावर. लेलँडला पाहताच तो उठून उभा राहिला.

"नाही जमलं रे," लेलँड म्हणाला. "एक काळी निघाली."

ऑरिननं टोपी दोन्ही हातांत फिरवली. "तू बोलला असशील ना माझ्याबद्दल?"

"बोललो."

"मग झालं तर. तू तरी काय करणार." तो हसायला गेला, पण ते काही साधलं नाही. "हा सदरा बघ. तुझ्या आईनं स्वतः कांजी घालून दिलाय, आजच्यासाठी म्हणून. म्हणाली, लेलँड आहे ना तिथं, तो तुला एकटं पडू देणार नाही. काल तेच सांगत होतो, पण तुझा चेहरा पाहिला आणि समजलो. मी इथं तुझ्या घरचं अक्षरही काढणार नाही, लेलँड. आणि तूही आजचं घरी लिहू नकोस. तिला उगाच लागेल."

त्यानं टोपी घातली आणि तो निघाला. फाटकापर्यंत ताठ चालला, पुढं त्याचे खांदे पडले. लेलँडला त्याच्यामागं धावावंसं वाटलं. हाक मारावी, सगळं ओकून टाकावं. पण पाय उचलेना. इतकं वाईट त्याला वडील गेले तेव्हाही वाटलं नव्हतं.

मागं दार वाजलं. हॅडली येऊन शेजारी उभा राहिला.

"गेला?"

"गेला."

"न्हाव्याचा मुलगा म्हणून कोणीतरी नाक मुरडलं, दुसरं काय!" हॅडली म्हणाला. "मला तर लाज वाटते. आपलं मंडळ असं कोत्या मनाचं कधी नव्हतं रे. आता लपवत नाही तुझ्यापासून. तुझं नाव आलं तेव्हा तुमच्या गावच्या डॉक्टरांचं शिफारसपत्र मीच सगळ्यांसमोर वाचलं होतं. तुझी आई हॉटेलच्या चादरी धुते, त्यावर तुला शिकवते, सगळं होतं त्यात. पुढं तू ते फ्लोरिडाचं सांगायला लागलास, तेव्हा आम्ही आपसांत ठरवलं, पोरगा लाजतोय, कोणी त्याला टोकायचं नाही."

लेलँडनं फाटकाकडे पाहिलं. रस्त्यावर ऑरिन आता दिसत नव्हता.

"तुझ्या त्या दिवशीही खण मीच पालथा केला होता," हॅडली म्हणाला. "एकूण एक पांढरी."